बोट की बोगदा?

आमच्या ओट्यावर सध्या एकच विषय आहे. इंग्लिश खाडी बोटीने ओलांडावी की बोगद्यातून? ओटा इंदूरच्या मल्हारगंजात आहे. खाडी जिथे असते तिथेच आहे.

भाचा विलायतेत असतो. (प्रत्येक ओट्याचा एक असतोच. आमचे साडेतीन आहेत, अर्धा दुबईचा.) यंदा नाताळात तो स्वतःची गाडी घेऊन फ्रान्सच्या आल्प्सवर स्कीइंगला निघालाय. सोबत बायको, मुलगा, आणि नातू सांभाळायला सहा महिन्यांसाठी तिकडे गेलेले आमची ताई आणि दाजी. ताई फोनवर सहज म्हणाली, "बोट की बोगदा, तेवढंच ठरत नाहीये रे." त्या दिवसापासून ओट्यावर पोहे गार होताहेत.

बोटीच्या बाजूने समोरचे काका आहेत. त्यांनी एकदा दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने मोटार नेली होती, त्यामुळे समुद्र हा त्यांचा विषय. डोव्हर ते कॅले दीड तास लागतो, हे त्यांना दाभोळच्या हिशेबात फार वाटत नाही. त्यांची शंका निराळीच. "फेरीबोटीत गाडी रिव्हर्समध्ये चढवावी लागते. पोराला रिव्हर्स येतो का?" प्रश्न रात्रीच लंडनला रवाना झाला. उत्तर आलं की तिथे गाडी एका तोंडाने चढते नि दुसऱ्या तोंडाने उतरते, रिव्हर्सची गरजच नाही. काकांचा अजून विश्वास बसलेला नाही. बोटीला दोन तोंडं असली तर ती जाते कुठे, असं ते विचारतात.

बोगद्याच्या बाजूने रेल्वेतून निवृत्त झालेले काका. बोगदा म्हणजे पाताळपाणी-कालाकुंड, पोरांनी ओरडायचं, बायकांनी पर्स घट्ट धरायची. तेव्हा 50 किलोमीटरचा बोगदा, त्यातले 38 समुद्राच्या तळाखाली, म्हटल्यावर ते नुसते ऐकत राहिले. मग कळलं की या बोगद्यात मोटार चालवताच येत नाही! एवढा खर्च करून, एवढं खणून 1994 साली उघडला, आणि आत रस्ताच केलेला नाही. फोकस्टनला गाडी चालवत आगगाडीत चढवायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद करायचं आणि आपल्याच गाडीत बसून राहायचं. पस्तीस मिनिटांत फ्रान्स. म्हणजे आपण मोटारीत, मोटार आगगाडीत, आगगाडी बोगद्यात, बोगदा समुद्राखाली. तिकीट नेमकं कशाचं काढलं, हे शेवटपर्यंत कळत नाही. पट्टा बांधलेला, चाक हातात, पाय ब्रेकवर, आणि गाडी चालवतंय दुसरंच कुणीतरी. आमच्या दाजींनी उभ्या संसारात हेच केलंय, त्यासाठी त्यांना फोकस्टनला न्यायची काय गरज होती? त्यात तिथला नियम असा, की खिडक्या अर्ध्या उघड्या ठेवा. समुद्राखाली! हे ऐकून अर्धा ओटा तिथल्या तिथे बोटीकडे सरकला. बोटीचा नियम बरोबर उलटा. तिथे गाडीत बसायचं नाही, खाली गाडी सोडून वर जायचं आणि हिवाळ्याच्या लाटांत उभं राहून पोटातलं सांभाळायचं. एकीकडे गाडीतच बसून राहायचं, दुसरीकडे गाडीत थांबायची बंदी. दोन्हीकडे गाडी चालत नाही ती नाहीच. आणि याला म्हणायचं ड्राइव्ह करून जाणं.

जुनं डोकं बरं होतं. 1802 साली याच खाडीखाली घोडागाड्यांच्या बोगद्याचा बेत मांडला गेला होता. आत तेलाचे दिवे, आणि अर्ध्या वाटेवर घोडे बदलायला मुद्दाम बांधलेलं बेट. म्हणजे निदान चहाची सोय झाली असती. 1880च्या सुमारास खणायलाही घेतलं होतं, पण त्या वाटेने फ्रेंच सैन्य घुसेल या भीतीने इंग्रजांनीच हात आवरता घेतला. सैन्याऐवजी शंभर वर्षांनी स्कीवाले घुसू लागले.

तर पस्तीस मिनिटं की दीड तास. फरक पंचावन्न मिनिटांचा. आता त्यापुढे कॅलेपासून आल्प्सपर्यंत नऊशेच्या आसपास किलोमीटर, तेवढी मात्र खरोखर चालवायची आहेत. शिवाय तिथल्या डोंगराळ भागात 1 नोव्हेंबर ते 31 मार्च बर्फाचे टायर किंवा साखळ्या लागतात. त्यावर ओट्यावर एक शब्द नाही. साखळी भाच्याने घेतली का, असं मी एकदा विचारलं, तर काकू म्हणाल्या, "सोन्याची?"

दाजींनी तिकडून मत कळवलं, बोगदा. कारण तिथे तिकीट गाडीचं असतं, माणसांचं नाही, नऊ जणांपर्यंत तेवढेच पैसे. "म्हणजे आम्ही दोघं फुकट," दाजी म्हणाले. फुकट म्हटल्यावर मल्हारगंजाचा निकाल लागला.

चौथ्या दिवशी मी विचारू नये ते विचारलं. दाजी, फ्रान्सचा व्हिसा?

नाही. इंग्लंडचा आहे. दाजींना वाटलं होतं एकाच रस्त्यावरचं पुढचं गाव आहे, चालत असेल. चालत नाही. आणि फ्रान्सला जाऊन नाकारले जाण्याचं सुखसुद्धा नाही, कारण फ्रेंच पोलीस डोव्हरला आणि फोकस्टनलाच बसलेले असतात. इंग्लंडच्या जमिनीवर बसून फ्रान्स नाही म्हणतो. बोट घ्या की बोगदा, खिडकी तीच. पाहुणा म्हणून गेलेल्याने तिथून अर्ज करायचा नसतो म्हणे, तो आपल्या गावाहून करायचा. निदान 30,000 युरोचा प्रवासविमा, बँकेचे कागद, बोटांचे ठसे. बोटीने जायचं तर आधी दहा बोटं द्या! आणि सगळ्यांत वरचा कागद म्हणजे परत येण्याचा पुरावा. हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं. ज्या माणसाने विजयनगरचा फ्लॅट नाकारला, कारण तिथून सराफा लांब पडतो, त्याने लिहून द्यायचं की मी तुमच्या बर्फात राहून जाणार नाही. लंडनला जाताना ज्याने जीरावन मसाल्याच्या सहा पुड्या नेल्या नि महिन्याला एक अशी मोजून ठेवल्या, त्याच्याकडे पुरावा मागायचा? पुरावा मागायचाच तर पोरांकडे मागा. वीस वर्षांपूर्वी "दोन वर्षांत परत येतो" म्हणून याच ओट्यावरून पाया पडून गेला, त्याच्याकडून कुणी बँकेचं पासबुक घेतलं होतं? तेव्हा आम्ही पेढे वाटले. आता त्याचा पासपोर्ट तिथला. त्याला कुठल्याच खिडकीवर कुणी विचारत नाही, तू परत कधी जाणार.

आणि परवा कळलं की तिकीट ऑक्टोबरातच काढून झालंय. बोगद्याचं. तिथे म्हणे लवकर काढलं की स्वस्त पडतं. म्हणजे ओट्यावर काथ्याकूट सुरू झाला तेव्हा भाच्याचं सगळं ठरलेलं होतं, आणि आईबाबांच्या व्हिसाचं त्याच्या लक्षात आलं नाही, की आलं होतं, हे ताईला मी विचारलं नाही. तीही बोलली नाही. मांजराला डबा कधी द्यायचा याचा कागद सुनेने फ्रिजवर लावलाय, एवढं म्हणाली.

काल संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा गाडी नुकतीच निघाली होती. मागे दाजींचा आवाज येत होता, मांजराशी मराठीत. रेल्वेवाल्या काकांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"ताई, त्याला मेसेज टाका. म्हणावं, खिडकी अर्धीच उघड."