तळ्याचं गेट आणि नानांचा संप

"बाई, ऐकलं का? अमेरिकेत सरकार बंद पडतं आन् तळ्याला कुलूप लागतं म्हणे!"

नळाचं पाणी येऊन गेलं की आमच्या आणि नानांच्या घरामधल्या जाळीपाशी सभा भरते. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. प्रवरेचं आवर्तन कधी सुटणार हे खात्याआधी आपल्याला कळतं, असं त्यांचं स्वतःचं मत. त्यांच्या माई त्या वेळी भाजी निवडत असतात आणि नानांच्या प्रत्येक वाक्यातला निम्मा भाग खोडत असतात. मी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे कुठलंही सरकार पडलं, बसलं किंवा रुसलं की चौकशी माझ्याकडे येते.

"तळ्याला कसलं कुलूप, नाना?"

"आमचा पुतण्या सांगून गेला ना. डॅलसला असतो तो. फळीवर शीड बांधून पाण्यावरनं पळायचा नाद हाय त्याला."

"विंडसर्फिंग म्हणतात त्याला," माई आतून. "आणि पळत नाहीत, उभे राहतात. मोबाइलवर दाखवलं होतं की त्याने. एवढं शिकून हा फळीवर उभा!"

गोष्ट २०१३ सालची. १ ऑक्टोबरला तिथलं सरकार बंद पडलं, ते पुढे १६ दिवस. पुतण्या तेव्हा तिकडे नवाच होता. टेक्सासात उन्हाळा सरून उत्तरेकडून पहिली गार लाट आली की वारा असा सुटतो की या नादाची माणसं ऑफिसात डोकं दुखल्याचं सांगून तळं गाठतात. हाही गाडीच्या टपावर फळी बांधून निघाला. जाऊन बघतो तर गेट बंद. आत पाणी आहे, पाण्यावर वारा आहे, काठावर चिटपाखरू नाही आणि गेटवर पाटी: निधीअभावी बंद.

"पाण्याला कसला आलाय निधी?" माईंचा प्रश्न. मला विचाराल तर साऱ्या वादात याहून नेमका प्रश्न कुणी विचारला नसेल.

मग मला शाळा भरवावी लागली. तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर त्यांच्या संसदेने खर्चाला मंजुरी दिली नाही, तर खात्यांना पैसा खर्च करायचा अधिकार उरत नाही. कायदा १८८४ सालचा. पण कितीतरी वर्षं तो कुणी फार मनावर घेत नव्हतं. मंजुरी रखडली तरी कचेऱ्या चालू राहायच्या, पैसे मागाहून मिळायचे. १९८० मध्ये बेंजामिन सिव्हिलेट्टी नावाच्या ॲटर्नी जनरलने मत दिलं की कायदा म्हणजे कायदा. पैसा मंजूर नसेल तर जीव आणि मालमत्ता वाचवण्यापुरती माणसं ठेवा, बाकीच्यांना घरी पाठवा. तेव्हापासून हे टाळेबंदीचं नाटक दर काही वर्षांनी रंगतं. २०१८-१९ ला ३५ दिवस. २०२५ ला १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, तब्बल ४३ दिवस. तो तोवरचा विक्रम.

"म्हंजी आपली दिवाळी बी त्यातच गेली," नाना म्हणाले. "तरीच पोराचा आवाज फोनवर उतरलेला होता. इमान वेळेवर सुटंना म्हणत होता."

"विमानतळावरचे कंट्रोलर बिनपगारी कामावर होते, नाना. सुटणार कसं?"

"आन् आपल्याकडं असं का होत नाही?"

कारण आपल्याकडे मार्च संपायच्या आत लेखानुदान तरी घेतातच. आणि लोकसभेने सरकारला पैसाच नाकारला तर खाती बंद पडत नाहीत, सरकारच पडतं. तिकडे अध्यक्ष वेगळा निवडलेला, संसद वेगळी निवडलेली. दोघंही आपापल्या जागी ठाम आणि घरी जातो तो कारकून.

आता तळ्याचं. तिथली पुष्कळ मोठी धरणं लष्कराच्या इंजिनिअर खात्याने बांधलेली आहेत. हे ऐकून नाना जाळीवरच रेलले. लष्कर धरणं बांधतं? बांधतं. पूर आवरायला, नद्यांतून जहाजं चालवायला. १९४४ च्या कायद्याने त्या जलाशयांच्या काठी लोकांसाठी बागा, धक्के, होड्या उतरवायचे उतार करायची परवानगीही त्या खात्याला मिळाली. चारशेच्या वर तळी आहेत त्यांच्याकडे. २०१३ ला त्या खात्याने स्वतः चालवलेल्या काठावरच्या जागा बंद केल्या. राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याने तर सगळीच उद्यानं बंद केली.

"पण पोरगं काय असं गेटावरनं परत फिरणारं नव्हं," नाना म्हणाले. "तिथंच कुणीतरी सांगितलं की तळ्याला वळसा घालून पलीकडं जा."

पलीकडचा काठ नगरपालिकेचा. म्हणजे जमीन त्याच खात्याची, पण नगरपालिकेने भाडेपट्ट्याने घेतलेली. नगरपालिकेचा पैसा वेगळा, माणसं वेगळी, त्यामुळे गेट उघडं. पुतण्याने तिथे चार पैसे भरले, फळी पाण्यात टाकली आणि वाऱ्यावर स्वार होऊन अर्ध्या तासात बंद गेटासमोरून फिरून आला. पाणी तेच. वारा तोच. गेट तेवढं दुसऱ्याचं.

यावर नाना इतके खूश झाले की त्यांनी माईंकडे चहा मागितला. सबंध नोकरी कालव्यावर गेलेल्या माणसाला याची गंमत आपल्याहून जास्त. "बाई, इथं डाव्या कालव्याचं पाणी वेगळं, उजव्याचं वेगळं. पुलाच्या अलीकडं कोल्हार राहाता तालुक्यात, पलीकडं कोल्हार खुर्द राहुरी तालुक्यात. मधल्या पाण्याला कुठं ठाऊक की आपण कुणाचे!"

त्या वर्षी तिकडे आणखीही गमती झाल्या. लेक मीडच्या काठी सरकारी जमिनीवर ज्यांनी हौसेने घरं बांधली होती, त्यांना घर सोडून जायला सांगितलं. घर स्वतःचं, खालची जमीन सरकारची आणि सरकार बंद! वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकाभोवती कठडे लावले होते. ऐंशी-नव्वदीतले माजी सैनिक व्हीलचेअरवरून आले आणि ते कठडे बाजूला सारून आत गेले. युटा राज्याने शेवटी स्वतःच्या तिजोरीतून पैसे भरून आपल्या हद्दीतली राष्ट्रीय उद्यानं उघडून घेतली. लेक पॉवेलचा परिसर त्यातच. केंद्राचं काम राज्याने पदरमोड करून चालवलं, असा प्रकार.

आणि २०१८-१९ ला त्यांनी उलटं करून पाहिलं. उद्यानं बंद केली नाहीत, माणसं मात्र घरी पाठवली. मग काय, कचऱ्याचे ढीग, तुंबलेले संडास. जोशुआ ट्री उद्यानात तर लोकांनी गाड्या नको तिथे घातल्या आणि झाडंही तोडली.

"मग बंद केलेलं बरं की उघडं ठेवलेलं?" माई.

"सांभाळणारं माणूस असेल तर उघडं," नाना. माईंनी हे वाक्य खोडलं नाही, याची मी नोंद घेतली.

पण नानांना खरी हौस वेगळीच होती. ४३ दिवसांचा आकडा ऐकल्यापासून ते कधी बोलायला मिळतंय याची वाट बघत होते. "बाई, त्रेचाळीस काय घेऊन बसलात! आमचा चौपन्न दिवसांचा होता."

आता हे आमच्या गल्लीतल्या लहान पोरांनाही पाठ आहे. १४ डिसेंबर १९७७ ला महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी संपावर गेले ते ५४ दिवस. र. ग. कर्णिक नेते, वसंतदादा मुख्यमंत्री. नाना तेव्हा नोकरीत नवे होते, माई लग्न होऊन नुकत्याच आलेल्या. "चौपन्न दिवस पगार नाही," माई म्हणाल्या, "आणि हे मूठ वळून घोषणा देत फिरायचे. घरात माझी मूठ डाळीच्या डब्यात."

संप आणि टाळेबंदी यात फरक आहे, हे मी नानांना सांगून पाहिलं. संपात कामगार म्हणतो मी येत नाही. टाळेबंदीत मालक म्हणतो येऊ नकोस. नानांना हा फरक मान्य नाही. "शेतकऱ्याला काय फरक? कचेरीत खुर्ची रिकामी ती रिकामी."

आणि त्यात तथ्य आहे. १४ मार्च २०२३ ला जुन्या पेन्शनसाठी संप झाला तेव्हाची गोष्ट. तो सात दिवसच टिकला, २० तारखेला मागे घेतला. पण नेमकं त्याच आठवड्यात अवकाळीने झोडपलं. उभा गहू आडवा, काढलेला कांदा भिजला आणि पंचनाम्याला तलाठी नाही. नानांची त्या आठवड्यात मोठी पंचाईत. स्वतः जुन्या पेन्शनवर जगणारा माणूस. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या पोरांना ती नाही, म्हणून मन संपाकडे. पण भावाचा कांदा वावरात सडतोय, म्हणून तोंड तलाठ्याच्या नावाने. दोन्ही बाजूंनी भांडायला मिळाल्यामुळे तब्येत मात्र छान होती.

त्या सात दिवसांत आपल्या एकाही धरणाचा काठ बंद झाला नाही. कारण बंद करायला तिथे मुळात गेटच नसतं. भंडारदऱ्याला आर्थर लेकच्या काठाने जा, राहुरीजवळ मुळा धरणावर जा. धरणाच्या भिंतीवर पहारा, पण मागच्या फुगवट्यात कुठूनही उतरा. तिकडे सरकार घरी गेलं की तळं बंद होतं. इकडे सरकार जागं झालं की तळं बंद होतं! आणि जागं होतं ते कुणीतरी बुडाल्यावर. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, की लगेच जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई हुकूम. त्याआधी महिनाभर, २१ मेला उजनीत प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. आणि आपल्या प्रवरेवर, अकोल्याजवळ सुगावला, बुडालेल्यांना शोधायला आलेल्या एसडीआरएफची बोट उलटून तीन जवान गेले. वाचवायला आलेली माणसं! त्या दिवशी जाळीपाशी सभा भरली नव्हती.

पुतण्याला यंदा वाटलं, आपल्याकडेच फळी टाकून बघू. खडकवासल्याला एनडीएचे कॅडेट शिडाच्या होड्या चालवतात. २०२३ च्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत एबाद अलीने विंडसर्फिंगमध्ये भारताला कांस्यपदक मिळवून दिलं. मग आपण का नाही? परवानगी विचारायला तो एका धरणावर गेला. एका कचेरीत म्हणाले पाणी आमचं, पण खेळ आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या कचेरीत म्हणाले जंगल आमचं, पाण्याचं त्यांना विचारा. तिसरीकडे साहेब मीटिंगला. काठावरच्या एका होडीवाल्याने मात्र दोन मिनिटांत सांगितलं, "टाक की दादा, कोण बघतंय?"

त्याने टाकली नाही. कोण बघतंय या प्रश्नाचं उत्तर कुणीच नाही असं असेल, तर तिथे फळी टाकू नये, एवढं तो तिकडे शिकलाय. बंद गेटावर रागावलेला हाच पोरगा उघड्या काठावरून परत फिरला. नानांना यात पोराचा भित्रेपणा दिसला, माईंना शहाणपण. मी माईंच्या बाजूने. अमेरिकेतलं ते कुलूप कितीही हास्यास्पद असो, त्याचा अर्थ एवढाच की एरवी त्या गेटावर कुणीतरी पगारी माणूस असतो आणि तो नसला की लोकांना चुकल्यासारखं होतं. आपल्या काठावरचा माणूस संपावर गेला तर कळणारसुद्धा नाही, कारण त्याची नेमणूकच झालेली नाही. नुसता मनाईचा बोर्ड म्हणजे सांभाळणं नव्हे. जिथे लोक उतरतातच अशी एखादी जागा ठरवावी, तिथे लाइफ जॅकेट आणि पोहता येणारा माणूस ठेवावा, बाकी काठ खुशाल बंद करावा.

"हे कुणाला सांगता, बाई?" नाना म्हणाले. "मलाच ना? मी तर रिटायर."

तेव्हा वाचकहो, तुम्हालाच सांगते. उन्हाळी आवर्तन सुटलं की प्रवरेच्या आणि कालव्याच्या काठी पोरं पोहायला जमणारच, आणि वरून सोडलेलं पाणी वाढताना पोहणाऱ्याला कळत नाही. त्याआधी आपापल्या ग्रामसभेत पट्टीचे दोन पोहणारे, जाड दोर आणि चार लाइफ जॅकेट यांची मागणी लेखी द्या. अर्ज नाना लिहून देतील. खात्याची भाषा त्यांना येते, आणि सध्या ते संपावर नाहीत.