किनारा की शिवार: लेस्टरहून एक तटस्थ पत्र

वाईचे ती. दादा व ती. आई आणि मालवणचे ती. अण्णा व ती. माई यांच्या चरणी लेस्टरकरांचा साष्टांग नमस्कार.

प्रस्तुत पत्राची एक प्रत वाईस आणि दुसरी मालवणास जात असल्याने, तसेच दोन्ही घरी ते मोठ्याने वाचले जाऊन शेजाऱ्यांसमक्ष त्याची चिकित्सा होते हे अनुभवसिद्ध असल्याने, तटस्थतेसाठी वाईच्या चिरंजीवांचा उल्लेख ‘गृहस्वामी’ आणि मालवणच्या कन्येचा ‘गृहस्वामिनी’ असा केला आहे. विषय असा की, गृहस्वामींची कचेरी ब्रिस्टलला हलली असून तेथे आठवड्यातून दोनच दिवस हजेरी द्यावी लागते; त्यामुळे लेस्टर सोडण्याचे ठरले, परंतु समुद्रकिनारी राहावे की खेड्यात, यावर घरात जो मतभेद उत्पन्न झाला त्याचे मूळ इंग्लंडच्या नव्हे तर सह्याद्रीच्या भूगोलात आहे.

गृहस्वामिनींचा पहिला युक्तिवाद अंतराचा आहे. ब्रिटनमध्ये समुद्रापासून सर्वांत दूरचे मानले जाणारे ठिकाण डर्बीशर परगण्यातील कोटन इन द एल्म्स या गावाजवळ असून तेथून समुद्र सुमारे ११३ किलोमीटर आहे, आणि वाईपासून अरबी समुद्र सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर भरतो. यावरून अख्खे ब्रिटन हे जरा ऐसपैस कोकणच ठरते आणि त्यात ‘देश’ संभवतच नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. गृहस्वामींनी यावर घाट कोठे आहे असे विचारले. तो मुद्दा अद्याप अनुत्तरित आहे.

या प्रतिपादनाच्या पडताळणीसाठी ब्रिस्टलपासून आगगाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावरील वेस्टन-सुपर-मेअर हे किनाऱ्यावरील गाव निवडण्यात आले. तेथील ब्रिस्टल चॅनेल हा सागरी पट्टा आत येताना निमुळता होत जात असल्याने अटलांटिकची भरती त्यात दाटून चढते, आणि उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी यांच्या पातळीत बारा-तेरा मीटरांहूनही अधिक फरक पडतो. मालवणास हाच फरक जेमतेम दोन-अडीच मीटर असतो. परिणाम असा की, ओहोटीच्या वेळी समुद्र दीडेक किलोमीटर मागे सरतो, मागे उरलेल्या चिखलात माणूस रुतेल अशी सूचना देणाऱ्या पाट्या दिसतात, आणि १९०४ साली खुला झालेला ग्रँड पिअर, म्हणजे करमणुकीसाठी समुद्रात खांबांवर उभारलेला लांबलचक धक्का, पाण्याऐवजी चिखलावर उभा राहतो. समुद्र दाखविण्यास नेलेल्या मालवणच्या कन्येस समुद्र भेटण्यासाठी सायंकाळपर्यंत थांबावे लागावे, याची तिने अद्याप क्षमा केलेली नाही.

मासळीचेही तेच. किनाऱ्यावरील दुकानांत पिठात घोळवून तळलेला जो कॉड मासा मिळतो तो पुष्कळदा आइसलँड किंवा नॉर्वेकडून आलेला असतो, उलट समुद्रापासून दूर असलेल्या लेस्टरमध्ये गोठवलेली का होईना पण सुरमई मिळते. शिवाय तो तळलेला मासा हातात असताना हेरिंग गल नावाचा धिप्पाड कुरव पक्षी झडप घालतो. १९८१च्या वन्यजीव कायद्यानुसार त्यास मारणे अथवा त्याचे वापरातील घरटे मोडणे परवान्याशिवाय गुन्हा आहे. हुसकावण्यास मनाई नाही, पण तो हुसकावला जात नाही.

गृहस्वामींचा पक्ष हेरफर्डशर या परगण्याचा आहे: तांबडी माती, सफरचंदांच्या बागा, आणि पांढऱ्या तोंडाच्या तांबूस गायी. (या गायी दुधासाठी पाळल्या जात नाहीत, एवढेच आईंस कळविणे पुरे.) दादांनी मागील पत्रात सातबारा पाहिल्याखेरीज सौदा करू नये असे बजावले होते, परंतु येथे सातबारा नसून लँड रजिस्ट्री या सरकारी खात्याकडे मालकीची नोंद असते, आणि तिच्यासोबतचा नकाशा सर्वसाधारणपणे केवळ ‘ढोबळ सीमा’ दाखवितो, म्हणजे बांध नेमका कुंपणाच्या अलीकडे की पलीकडे हे त्यावरून कळत नाही. बांधाच्या वादात तीन पिढ्या तयार झालेल्या घराण्यास ही व्यवस्था प्रथम भयंकर आणि नंतर, खरे सांगायचे तर, काहीशी आशादायक वाटली.

त्याहून विलक्षण प्रकार सार्वजनिक पायवाटेचा. इंग्लंड व वेल्समध्ये खासगी जमिनींतून जाणारे आणि तरीही कोणासही चालण्याचा हक्क असलेले सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर मार्ग आहेत. पाहिलेल्या एका घराच्या परसातूनच तसा मार्ग गेला होता आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपुढून अनोळखी माणसे कुत्र्यांसह सुप्रभात म्हणत जात होती. दुसरे घर ‘लिस्टेड’ निघाले, म्हणजे ऐतिहासिक मूल्यामुळे कायद्याने संरक्षित, ज्यात विनापरवाना फेरफार करणे हा फौजदारी गुन्हा ठरतो. स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा बसविण्यासाठी भिंतीस भोक पाडता येईल काय, अशी पृच्छा केली असता दलालाने ‘काय शिजविता?’ असे सौजन्याने विचारले. उत्तरादाखल सुकटीचे वर्णन ऐकून त्याने तिसरे घर दाखविले. त्यास गॅसची नळवाहिनी नव्हती, घर तापविण्याचे तेल टाकीत साठवावे लागत होते, आणि सांडपाणी जमिनीतील सेप्टिक टाकीत जात होते.

दोन्ही पक्षांचे समाधान व्हावे म्हणून दलालाने समुद्राजवळील शिवार, अर्थात सॉमरसेट लेव्हल्स हा सखल प्रदेश सुचविला. २०१३-१४च्या हिवाळ्यात तेथील शेते आठवडेच्या आठवडे पाण्याखाली होती, हे कळताच गृहस्वामी व गृहस्वामिनी यांच्यात या प्रकरणातील पहिले आणि आजवरचे एकमेव मतैक्य झाले.

तूर्त ब्रिस्टलमध्येच वर्षभर भाड्याने राहण्याचा विचार असून, तळमजल्यास एक खोली हवी ही दादांच्या गुडघ्यांची अट मान्य झाली आहे. दोन्ही घरांनी आपापले मत स्वतंत्र पाकिटातून कळवावे. व्हॉट्सअ‍ॅपवरील कौटुंबिक गटावर टाकू नये, कारण त्या गटात मालवणकरांची संख्या वाईकरांपेक्षा चारने अधिक आहे आणि गृहस्वामींनी या पद्धतीस लेखी हरकत नोंदविली आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.