चान्सेसकाका

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास चार मराठी घरं जमली की त्यांत एक चान्सेसकाका निघतातच. नाव पोरांनी ठेवलेलं, त्यामुळे पाठीमागे वापरायचं. नोकरी आयटीत असली तरी खरा व्यवसाय दुसऱ्यांच्या मुलांच्या ॲडमिशनचे चान्सेस काढण्याचा. हार्वर्ड-प्रिन्स्टनच्या वाटेला काका जात नाहीत, “तिथे लॉटरी.” त्यांचा प्रांत म्हणजे सरकारी विद्यापीठांची ऑनर्स कॉलेजं. फी स्टेटची आणि रुबाब आयव्हीचा, ही त्यांची व्याख्या.

गणपतीची आरती झाली की मसालेभाताची प्लेट सांभाळत काका अकरावीतल्या एखाद्या पोराला कोपऱ्यात गाठतात.

“एसएटी?”

“१५२०.”

“जीपीए? वेटेड नको सांगूस, वेटेड सगळ्यांचाच चांगला असतो. एपी किती?”

मग डोळे मिटून, मठ्ठ्याचा घोट घेऊन निकाल. “रटगर्स ऑनर्स, अडुसष्ट टक्के.”

“पण काका, त्याला वेगळा अर्ज नसतोच. रटगर्सला अर्ज केला की तेच बघतात.”

“म्हणून तर अडुसष्ट. अर्ज असता तर बहात्तर म्हटलं असतं.”

सत्तर का नाही, हे विचारायची कोणाची छाती होत नाही. सत्तर हा अंदाज वाटतो, अडुसष्ट म्हणजे अभ्यास.

याचं मूळ काकांच्या बारावीत आहे. पीसीएमची बेरीज व्हायची, यादी बोर्डावर लागायची आणि एका मार्काने मेकॅनिकल हुकून सिव्हिल पदरात पडायचं. कुठली ब्रँच कितीला बंद झाली, हे काकांना आजही तोंडपाठ आहे. अशा माणसाला सांगा, की इथे अख्खा मुलगा बघतात, कट-ऑफ नसतो. काका हसतात. कट-ऑफ असतोच, सांगत नाहीत इतकंच.

पेन स्टेटच्या श्रायर ऑनर्स कॉलेजवर मात्र त्यांचा राग आहे. मेरिल लिंचच्या श्रायरसाहेबांनी १९९७ साली त्यासाठी ३ कोटी डॉलर दिले, इथवर आदर. पण ही मंडळी निवड करताना एसएटी बघतच नाहीत!

“मग बघतात काय?”

“निबंध, काका.”

काकांनी आयुष्यात लिहिलेले निबंध दोन, ‘पाऊस पडला नाही तर’ आणि ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’. दोन्ही गाइडमधून पाठ केलेले. त्याच्यावर ॲडमिशन देतात म्हणजे पोपटाने पाकीट काढण्यातलाच प्रकार, असं त्यांचं स्पष्ट मत.

क्वीन्समध्ये राहणाऱ्या साडूच्या मुलीला त्यांनी मॅकॉले ऑनर्स कॉलेजसाठी एक्केचाळीस टक्के दिले होते. ती लागली. न्यूयॉर्कची रहिवासी म्हणून ट्यूशनही माफ झाली. साडू मुद्दाम पेढे घेऊन आला, तेव्हा काका पेढा तोंडात टाकून शांतपणे म्हणाले, “एक्केचाळीस म्हणजे शून्य नव्हे.” आणि पंच्याऐंशीवाला एक मुलगा लटकला तेव्हा, “पंधरा टक्के कोणाच्या तरी वाट्याला जाणारच होते.” चुकण्याची सोयच त्यांनी ठेवलेली नाही. हवामान खात्यालाही हे जमलेलं नाही.

स्वतःच्या मुलाचे चान्सेस मात्र काका कधी काढत नाहीत. काकूंनी विचारलं की म्हणतात, “डेटा अपुरा आहे.” मुलगा घरातच, मार्क फ्रीजवर चिकटवलेले, तरी डेटा अपुरा! नोव्हेंबरात एका रात्री काकू पाणी प्यायला उठल्या, तर काका बेसमेंटमध्ये लॅपटॉपसमोर बसलेले. पडद्यावर मुलाचा कॉमन ॲपचा निबंध. विषय होता बाबा. लग्नात, बारशात, देवळाच्या पार्किंगमध्ये अनोळखी मुलांना टक्के वाटत फिरणारा आणि घरी आल्यावर आपल्या मुलाला “जेवलास का?” एवढंच विचारणारा बाप.

काकांनी निबंध वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. काकू म्हणाल्या, “कसा आहे?”

“सहाशे पन्नासची मर्यादा आहे,” काका म्हणाले. “याचे सहाशे बेचाळीसच झालेत. आठ शब्द फुकट घालवले गाढवाने.”