शेकोटीकरांचा प्रोजेक्ट

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींत एक गृहस्थ हमखास भेटतो. "कसे आहात?" विचारलं की तो तब्येतीचं सांगत नाही, घराचं सांगतो. "सध्या फॅमिली रूम उघडलीय," असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर ऑपरेशन थिएटरमधून हात पुसत बाहेर आलेल्या सर्जनची गंभीर तृप्ती असते. आमच्या गल्लीतल्या या गृहस्थांना आम्ही शेकोटीकर म्हणतो. खरं आडनाव आता फक्त गृहकर्जाच्या कागदांवर उरलंय.

त्यांचं एडिसनमधलं घर 1970 च्या दशकातलं, स्प्लिट लेव्हल. त्या काळी जे जे झोकदार समजलं जाई ते सगळं बिल्डरनं त्यात ठासून भरलेलं. भिंतींना गडद लाकडी पॅनेलिंग, पायाखाली केसाळ गालिचा आणि एक अख्खी भिंत व्यापून बसलेली, जमिनीपासून छतापर्यंत लाल विटांची फायरप्लेस. तिच्या तोंडाला पितळी चौकटीची काचेची दारं, पुढ्यात बसता येईल एवढा उंच विटांचा कट्टा. पॅनेलिंग आणि गालिचा शेकोटीकरांनी पहिल्याच उन्हाळ्यात उपटला. फायरप्लेस मात्र पुरवून पुरवून खायला ठेवली.

तिच्यात त्यांनी कधी एक काटकीसुद्धा पेटवली नाही. वहिनी तिथं गणपतीच्या मखराचं थर्माकोल ठेवतात. का पेटवत नाही असं कुणी विचारलं, की व्याख्यान सुरू होतं. "उघडी फायरप्लेस म्हणजे शुद्ध तोटा. ज्वाळा दिसतात छान, पण खोलीतली गरम हवा धुराड्यातून वर पळते आणि तिच्या जागी दारा-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येते. म्हणजे पैसे मोजून तापवलेली हवा आपण गावाला फुकट वाटायची!" याच तक्रारीपायी 1740 च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिननं लोखंडी शेगडी काढली, हे ते सांगतात. मग काउंट रम्फर्डची पाळी. फायरप्लेस उथळ करा, बाजूच्या भिंती तिरक्या करा, म्हणजे उष्णता खोलीत फेकली जाईल, असं त्यानं 1796 मध्ये लिहून ठेवलं. "जेफरसननं मॉन्टिचेलोच्या आपल्या घरी त्याचं ऐकलं," शेकोटीकर उसासा टाकतात, "आमच्या बिल्डरनं नाही ऐकलं."

आग या विषयात त्यांना रस नाहीच. रस आहे तो विटांत. विटा रंगवायच्या, की चुन्याचा पातळ हात द्यायचा? साधा रंग विटेची छिद्रं बुजवतो आणि एकदा लावला की खरवडून काढताना जन्म जातो. चुना विटेत मुरतो, विटेला श्वास घेऊ देतो. गावाकडे दर दिवाळीला मजूर भिंतींना फासायचे तोच हा चुना, पण इथं तो लाइमवॉश होऊन बादलीतून येतो आणि त्याची किंमत शेकोटीकर वहिनींना अर्धीच सांगतात. त्यांनी विटांवर पांढऱ्याचे पट्टे ओढून ठेवले. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मतदान सक्तीचं. एकानं प्रामाणिकपणे "सगळे सारखेच दिसतात" म्हटलं, त्याला पुढच्या पॉटलकला बोलावणं आलं नाही.

मध्येच शिपलॅपची साथ आली. 2013 साली सुरू झालेल्या 'फिक्सर अपर' या मालिकेनं अर्ध्या अमेरिकेच्या भिंतींवर आडव्या पांढऱ्या फळ्या ठोकवल्या. शेकोटीकर कसे सुटणार? त्या वेळी वहिनी एकदाच बोलल्या. "आमच्या गावच्या घराला फळ्यांची भिंत होती. बाबांनी पोटाला चिमटा काढून ती विटांची केली. तुम्ही विटांवर फळ्या मारणार?" फळ्या दुकानात परत गेल्या.

मग फायरप्लेसच्या तोंडावरचा मँटल. जुना पाडून अक्रोडाची जाड तुळई बसवायची ठरली आणि शेकोटीकरांनी बांधकामाचे नियम तोंडपाठ केले. फायरप्लेसच्या तोंडापासून 6 इंचांच्या आत लाकूड नको. 12 इंचांच्या आत असेल, तर अंतराच्या दर इंचामागे इंचाचा आठवा भाग एवढंच पुढे आलेलं चालतं. हा हिशोब त्यांनी सत्यनारायणाच्या पूजेत टेप लावून समजावला. गुरुजी हातात पळी घेऊन थांबले होते. "पण अहो, तुम्ही पेटवणारच नाही ना?" गुरुजींनी विचारलं. "प्रश्न तत्त्वाचा आहे," शेकोटीकर म्हणाले.

कट्टाही पाडायचा बेत होता. खोली मोठी दिसते म्हणे. पण मंडळाच्या सगळ्या बैठका, पुरणपोळीची ताटं, बायकांची गुपितं आणि दहा दिवसांचा गणपती त्याच कट्ट्यावर. "कट्टा हलणार नाही," वहिनींनी सांगितलं, आणि त्या विषयाची फाइल बंद झाली.

अखेर प्रोजेक्ट पुरा झाला. विटांवर चुना, पितळी दारांच्या जागी काळी चौकट आणि आत विजेवर चालणारा 1500 वॉटचा इन्सर्ट. रिमोटवर ज्वाळा निळ्या करा, केशरी करा. सगळ्यांनी मान डोलावली. खोली खरंच सुरेख दिसत होती.

त्याच हिवाळ्यात मोठं बर्फाचं वादळ झालं आणि गल्लीची वीज गेली. हीटिंग गॅसवरचं, पण त्याचा पंखा विजेचा, त्यामुळे घरं बघता बघता गारठली. आमची फायरप्लेस त्याच बिल्डरची, त्याच लाल विटांची. धुराडं साफ करून घेण्यापलीकडे आम्ही तिला कधी हात लावलेला नाही. ओकची लाकडं पेटवली तशी गल्ली आमच्याकडे जमू लागली. शेकोटीकर आणि वहिनी ब्लँकेटं गुंडाळून आले. वहिनींनी कट्ट्यावर बैठक मारली आणि नवऱ्याकडे फक्त एकदा पाहिलं.

शेकोटीकर तासभर गप्प होते. फ्रँकलिन नाही, रम्फर्ड नाही. हातपाय शेकून झाले, आल्याचा चहा पोटात गेला, गालांवर रंग चढला. मग त्यांनी मान वर करून भिंतीवरून सावकाश नजर फिरवली आणि माझ्याकडे कळवळून झुकत म्हणाले,

"राग मानू नका, पण विटा फारच जुनाट दिसतात हो तुमच्या. माझ्याकडे अर्धी बादली लाइमवॉश उरलाय. शनिवारी येऊ?"