दहा हजार पावलं, घरपोच

परवा आमच्या सोसायटीतल्या एका काकांची दिवसभरात १४,००० पावलं झाली. त्या दिवशी काका तापाने फणफणले होते. दुपारी त्यांनीच आरोग्याच्या ग्रुपवर ‘कुणाकडे तापाची गोळी आहे का’ म्हणून विचारलं होतं आणि रात्री दहाच्या आत, नियमाप्रमाणे, पावलांचा स्क्रीनशॉटही टाकला होता. खाली अंगठ्यांची आणि फुगवलेल्या दंडांची रांग लागली. ‘तापातसुद्धा खंड नाही, मानलं काका तुम्हाला!’ काकांचा पट्टा त्या दिवशी सकाळपासून त्यांच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या मनगटावर होता, हे नंतर बाहेर आलं. बाहेर आलं म्हणजे काय, काकांनीच सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. पट्टा त्यांचा, मोबाइल त्यांचा, मावशींना पगार तेच देतात. मग पावलं कुणाची?

असा ग्रुप तुमच्याकडेही असेलच, त्यामुळे सगळे नियम सांगत बसत नाही. पावलं रात्री दहाच्या आत, ताटाचा फोटो पहिला घास घेण्याआधी आणि चुकलं तर दिवसाला ५० रुपये दंड. एकट्याने ठरवलेलं एकटाच मोडतो, म्हणून चारचौघांत हिशोब द्यायचा, ही त्यामागची कल्पना. कल्पना चांगली आहे. चारचौघांची लाज आपल्याकडे कुठल्याही औषधापेक्षा लवकर लागू पडते. फक्त न चालण्याची लाज कुणाला वाटली नाही, स्क्रीनशॉट न टाकण्याची वाटली. आणि दंडाचं म्हणाल, तर महिनाभरात निम्म्या सभासदांच्या लक्षात आलं की चालण्यापेक्षा ५० रुपये सोपे पडतात. मग खजिनदारांनी मेंटेनन्सच्या धर्तीवर योजना काढली. वर्षाचा दंड एप्रिलमध्ये आगाऊ भरणाऱ्यास दहा टक्के सूट. म्हणजे १८,२५० रुपयांचे १६,४२५ झाले आणि वर्षभर सोफ्यावरून उठायची चिंता मिटली. रीतसर पावती मिळते. पावतीवर ‘न केलेल्या व्यायामापोटी’ असं छापलेलं आहे. जीएसटीचा प्रश्न पुढच्या सभेत चर्चेला येणार आहे.

ताटांचं फार सांगत नाही. एवढंच, की आमच्या विंगमध्ये काकडीच्या चकत्यांची एक निळी काचेची वाटी आहे आणि ती साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान पाच ताटांत दिसते. फोटो झाला की वाटी जिन्याने खाली जाते. शेवटच्या घरी पोचेपर्यंत काकडी सुकून वाकते, तिथे मात्र तिच्यावर लिंबू पिळून पुन्हा फोटो काढतात. काकडी कुणी खात नाही. ती उद्या लागते.

पण माझा जीव अडकलाय तो पट्ट्यात. हा पट्टा तुमची पावलं मोजत नाही; त्याला पाय दिसतच नाहीत. त्याच्या पोटात हालचाल टिपणारं एक बारीकसं यंत्र असतं, ते हाताचे झोके बघतं आणि झोक्यांवरून पावलांचा अंदाज बांधतं. त्यामुळे हात हलला की पाऊल पडलं, असा त्याचा भाबडा समज होऊ शकतो. आरतीला टाळ्या वाजवा, पट्टा निघाला मंदिराकडे. कोथिंबीर चिरा, पोळ्या लाटा, दाण्याचं कूट करा, पट्टा चालतोय. खड्ड्यांतून स्कूटर न्या, पट्ट्याला वाटतं माणूस धावतोय. (आपल्या रस्त्यांचा सार्वजनिक आरोग्याला एवढा एकच हातभार लागलेला आहे, त्याची नोंद कुणीतरी घ्यायला हवी.) चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ रोज ऑफिसला स्कूटरने जातात आणि पोचेपर्यंत त्यांची दोनेक हजार पावलं ‘झालेली’ असतात. डांबरीकरण सुरू झालं तेव्हा त्यांची सरासरी घसरली आणि त्यांनी तक्रार केली, अशी विंगमध्ये वदंता आहे. याच्या उलटही होतं. हाताने झोका घेतला नाही की पट्टा पाऊल धरेलच असं नाही. भाजीची हातगाडी ढकलणाऱ्याचे दोन्ही हात दांडीवर घट्ट असतात. तो सकाळपासून गल्ल्या तुडवतो आणि पट्ट्याच्या लेखी बराचसा वेळ जागेवर उभा असतो. भरलेली बादली धरलेला हातही फारसा हलत नाही. पाण्याने भरलेली बादली घेऊन मावशी गच्चीवर गेल्या तर त्या पट्ट्याच्या दृष्टीने कदाचित कुठेच गेल्या नाहीत. टीव्हीसमोर बसून चिवड्याच्या डब्यात वरचेवर हात घालणारा माणूस मात्र वाटेला लागलेला असू शकतो. ओझं वाहणाऱ्याचे कष्ट न दिसणारं यंत्र माणसाने बनवलं आणि त्याला हुशार म्हणजे स्मार्ट असं विशेषण लावलं, यात मला काही नवल वाटत नाही. आमच्या मॅनेजिंग कमिटीचीही नजर साधारण अशीच आहे.

बरं, हे दहा हजारच का? १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. आदल्याच वर्षी टोकियोत ऑलिंपिक झालं होतं, व्यायामाची हवा होती, यंत्र खपलं. आकडा गोल होता, लक्षात राहिला. २०१९ साली अमेरिकेत वयस्कर बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यात पावलांचा फायदा साडेसात हजारांच्या आसपास सपाट होताना दिसला, आणि दिवसाला साडेचार हजारांच्या जवळपास चालणाऱ्या बायकाही अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा पुष्कळ बऱ्या निघाल्या. म्हणजे साठीच्या मंडळींनी थोडं थोडं चाललं तरी हरकत नाही, असं मी ग्रुपवर लिहिलं. ग्रुपचे अ‍ॅडमिन म्हणाले, ‘निगेटिव्हिटी नको.’ आहेराच्या पाकिटावरच्या एक रुपयासारखा हा आकडा झालाय, त्याला कारण विचारायचं नसतं.

तर मावशी. काकांची युक्ती कळल्यावर सोसायटीत नैतिक खळबळ माजेल, अशी माझी अपेक्षा होती. माजली नाही. दुसऱ्या दिवसापासून ‘तुमच्याकडे मावशी किती वाजेपर्यंत असतात?’ ही विचारपूस सुरू झाली. मावशी आमच्या विंगमध्ये पाच घरी जातात, म्हणून सकाळी पहिल्या घरी पाच पट्टे जमा होतात. उजव्या हातात तीन, डाव्या हातात दोन. हिरव्या बांगड्या त्यांना कोपराकडे सरकवून ठेवाव्या लागतात. रात्री ग्रुपवर पाच जणांची पावलं पडतात आणि एकाच बाईच्या चालण्याचे पाच वेगवेगळे आकडे निघतात, कारण पाच पट्टे पाच कंपन्यांचे. ज्याचा आकडा कमी येतो तो दुसऱ्या दिवशी ‘मावशी, माझा जरा उजव्या हातात घाला’ म्हणून गळ घालतो. खजिनदारांनी याला ‘सांघिक भावना’ म्हटलं आहे.

हे सगळं मी एकदा जवळून पाहिलं. मावशी तिसऱ्या घरी भांडी घासत होत्या आणि हातातले पट्टे एकेक करून थरथरायला लागले. दहा हजार झाले होते. छोट्या काचेवर फटाके फुटत होते, अभिनंदन असं इंग्रजीत उमटत होतं. मावशींनी हात झटकला.

‘काका, हे घड्याळ काढून ठेवू का? राखुंडी जातेय त्यात. पाणी पण जातंय.’

‘राहू द्या मावशी,’ काका पेपरामागून म्हणाले, ‘वॉटरप्रूफ आहे.’

दुपारचे पावणेबारा वाजले होते. आणखी दोन घरं बाकी होती, आणि नंतर मावशींचं स्वतःचं घर, ज्याची पावलं कुणालाच नको असतात.

काका प्रामाणिक आहेत, हे मुद्दाम सांगायला हवं. त्यांना आता खरोखरच वाटतं की आपली तब्येत सुधारली. पट्टा नुसती पावलं दाखवत नाही, नाडी दाखवतो, झोप दाखवतो, तुमचं हृदय तुमच्या वयापेक्षा किती वर्षांनी तरुण आहे तेही सांगतो. काकांचं हृदय सध्या बेचाळीस वर्षांचं आहे. मावशी बेचाळीसच्याच. हा आलेख घेऊन काका मधुमेहाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर खूश झाले, औषध कमी करता येतंय का बघू म्हणाले. मग एचबीएवनसी करायला सांगितली. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देते आणि तिला स्क्रीनशॉट चालत नाही. रक्त मावशींचं द्यायची सोय अजून निघालेली नाही.

आता कुणी म्हणेल, माणसं चालणार कुठे? हा प्रश्न मला मान्य आहे आणि त्यावर माझं डोकं तुमच्यापेक्षा आधी फिरतं. आपल्या शहरांत फुटपाथ ही चालायची जागा नव्हे, ती दुचाकी लावायची, फ्लेक्सचे बांबू रोवायची, खोदलेल्या केबलचा राडारोडा ठेवायची आणि उरलेल्या दीड फुटात डीपीचा डबा बसवायची जागा आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली आणि त्यांतली ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. त्यांचा दोष एवढाच की ती चालत होती. तेव्हा ज्याला रस्त्यावर चालायची भीती वाटते त्याची टिंगल मी करणार नाही. पण आमच्या सोसायटीला कुंपणाच्या आतून चांगला रुंद रस्ता आहे, दोन्ही बाजूंना बदामाची झाडं आहेत, कार्यक्रम नसला की तो रिकामा असतो. त्यावर फक्त वॉचमन चालतो. त्यालाही एका सभासदाने परवा पट्टा देऊ केलाय.

आणि याच सोसायटीच्या लिफ्टमध्ये दोन कागद चिकटवलेले आहेत. डावीकडचा ग्रुपने लावला: ‘जिना चढा, हृदय जपा!’ खाली लाल बदाम. उजवीकडचा कमिटीने लावला, त्याला पाच-सहा वर्षं तरी झाली असतील: ‘घरकामगार व डिलिव्हरी बॉय यांनी लिफ्टचा वापर करू नये.’ पहिला कागद सभासदांसाठी विनंती आहे आणि दुसरा मावशींसाठी हुकूम. विनंती कुणी मानली नाही, हुकूम मोडायची कुणाची हिंमत नाही. मावशी सात मजले चढतात, उतरतात, पुन्हा चढतात, आणि त्या पायऱ्या पाच सभासदांच्या खात्यावर जमा होतात. लिफ्टबंदीचं समर्थन करताना पूर्वी ही मंडळी स्वच्छता, सुरक्षितता असलं काहीतरी पुटपुटायची, निदान नजर तरी चुकवायची. आता बैठकीत एकाने स्वच्छ सांगितलं की मावशींना लिफ्ट दिली तर आपले ‘फ्लोअर्स क्लाइंब्ड’ कमी होतील. हे इतिवृत्तात आहे. मी गंमत करत नाही, आता गंमत सुचेनाशी झाली आहे. ज्या बाईने तुमच्या घरचा जिना झिजवला, तुमची भांडी घासली, तुमच्या पोराची शी काढली, तिच्या गुडघ्यांचीही तुम्ही चोरी केलीत आणि वर तिच्या घामावर स्वतःचं नाव घालून शाबासकी घेतलीत? दिवाळीला एक पगार जादा मागितला तर तिला ‘बघू’ म्हणता, आणि रात्री दहाला तिचीच पावलं आपली म्हणून मिरवता?

खाण्याचीही हीच तऱ्हा. २०२३ हे जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हापासून आमच्या ताटांत गव्हाची पोळी म्हणजे गुन्हा. ज्वारी, नाचणी, बाजरी. काकूंना भाकरी थापता येत नाही, म्हणून मावशी थापतात. टम्म फुगलेली, पातळ, पापुद्रा सुटलेली भाकरी. फोटोत ती आणि निळ्या वाटीतली काकडी. मावशींच्या माहेरी सोलापूरकडे पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीच होती. आता चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली आणि मावशींना रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. त्या पाच घरच्या भाकऱ्या थापून घरी जातात आणि पोळी-भात खातात. ग्रुपच्या नियमाने त्यांना दंड बसला असता.

पुढच्या रविवारी वार्षिक बक्षीस समारंभ आहे. ‘आरोग्यवीर’ पुरस्कार काकांना जाहीर झालाय. शाल, श्रीफळ आणि नवा पट्टा. हॉल झाडून खुर्च्या मांडायचं काम अर्थातच मावशींकडे आहे आणि त्या दिवशीच्या पावलांसाठी आतापासून नंबर लागलेत.

माझी कमिटीला जाहीर विनंती आहे. आपल्या राज्यात २००८ साली घरकामगारांच्या कल्याणासाठी कायदा झाला. त्याची एक प्रत नोटीस बोर्डावर लावा, कुणीतरी वाचेल. मावशींना महिन्याला चार पगारी सुट्ट्या द्या, त्या दिवशी पाच घरांनी आपापली भांडी घासावीत, चांगला व्यायाम होतो. समारंभाचा खर्च वाचवून तो त्यांच्या दिवाळीत घाला. आणि हे जमत नसेल तर निदान लिफ्टमधला उजवीकडचा कागद येत्या रविवारच्या आत काढा. नाही काढलात तर मी काढीन. ५० रुपये दंड आगाऊ भरलेला आहे, पावती माझ्याकडे आहे.