दोन खड्डे

लोणारच्या काठावर उभं राहिलं की खाली कमळजादेवीचं देऊळ काडीपेटीएवढं दिसतं. काळ्या बेसाल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा. हा ज्वालामुखीनं पडला की उल्केनं, यावर शास्त्रज्ञ पिढ्यान्‌पिढ्या भांडले. अखेर भोकं पाडून खालचे दगड वर काढले, त्यांत मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. ती ज्वालामुखीत होत नाही, प्रचंड आघातानंच होते. १९७३ मध्ये हे छापून आलं आणि उल्केची बाजू पक्की झाली. वयाचा वाद मात्र चालूच आहे. १९९७ चा अंदाज सुमारे ५२ हजार वर्षांचा, २०११ चा ५ लाख ७० हजारांचा. एवढी तफावत असूनही कुणाच्या देशप्रेमावर कुणी बोट ठेवलं नाही. मोजमाप कसं केलं ते दोघांनीही मांडलं, वाचणाऱ्यानं तपासावं.

आता दुसरा खड्डा, राजस्थानच्या वाळवंटातल्या पोखरणचा. ११ मे १९९८ च्या अणुचाचणीत झालेल्या तीन स्फोटांत एक हायड्रोजन बॉम्बचा होता. सरकारी आकडा ४५ किलोटन. ऑगस्ट २००९ मध्ये के. संथानम यांनी जाहीरपणे सांगितलं, की तो अपेक्षेइतका फुटलाच नाही. हे संथानम बाहेरचे कुणी टीकाकार नव्हते. ते संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओचे, चाचणीच्या वेळी जागेवर हजर. त्यांचा मुद्दा आमच्या लोणारकरांना चटकन समजावा असा आहे. त्याच दिवशीच्या १५ किलोटनच्या साध्या अणुबॉम्बनं जमिनीत खड्डा पाडला, आणि तिप्पट ताकदीचा हायड्रोजन बॉम्ब ज्या विहिरीत फोडला, तिच्यावरचं यंत्र स्फोटानंतरही जागच्या जागी उभं कसं?

बॉम्ब बनवणाऱ्यांपैकी आर. चिदंबरम आणि अनिल काकोडकर यांचं उत्तरही तितकंच ठोस होतं. दोन्ही विहिरींची खोली वेगळी, खालचा दगड वेगळा, त्यामुळे वर दिसणारा परिणामही वेगळा. शिवाय स्फोटानंतर खोदून काढलेल्या नमुन्यांची तपासणी आकड्याला दुजोरा देते. तिकडे अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष पी. के. अय्यंगार यांनीही हायड्रोजन बॉम्बच्या यशाबद्दल शंका घेतली होती.

दोन्ही बाजूंना आयुष्य या कामात घातलेली माणसं. असा वाद पत्रकार परिषदेत मिटत नाही. स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी करा, ही संथानम यांची मागणी मला तेव्हाही रास्त वाटली, आजही वाटते. बॉम्बची रचना चव्हाट्यावर मांडा असं कुणीच म्हणत नाही. पण ज्यांनी तो बनवला त्यांनीच गुण द्यायचे आणि त्यांनीच निकाल लावायचा, हे गावच्या शाळेतसुद्धा चालत नाही. ज्या शस्त्राच्या भरवशावर शत्रूला धाक दाखवायचा, त्याची खात्री तरी दुसऱ्या डोळ्यांनी व्हायला नको?

अय्यंगार २०११ मध्ये गेले. चिदंबरम जानेवारी २०२५ मध्ये. काकोडकरांचा जन्म १९४३ चा. त्या दिवशी वाळवंटात यंत्रांवरचे काटे ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्यांच्यातली माणसं एकेक करून कमी होत आहेत. लोणारचा दगड आणखी हजार वर्षं थांबेल. समिती नेमायची असेल तर यांच्या हयातीत नेमा.