न आवडण्याचे कारण

दहावीला कवितेवर जे मुद्दे विचारतात, त्यांत एक फार गोड मुद्दा असतो: ‘कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण’. त्यातला ‘न आवडण्याचे’ हा भाग निव्वळ शोभेला ठेवलाय. नांदेड-लातूरच्या कुठल्याही वर्गात जा, नामदेवांपासून नारायण सुर्व्यांपर्यंत सगळे कवी पोरांना सारखेच आवडतात. कारणही सगळ्यांचं एकच. भाषा साधी, सोपी, ओघवती असून मनाला भिडते. मोरोपंतसुद्धा साधे, सोपे आणि ओघवते! 108 रामायणं रचताना या गृहस्थांना ही शाबासकी कधी मिळाली नसेल.

रसग्रहणाला 4 गुण. साचा ठरलेला: आधी आशयसौंदर्य, मग काव्यसौंदर्य, शेवटी भाषिक वैशिष्ट्ये. तीन परिच्छेद, तीन उपशीर्षकं, प्रत्येकाखाली पट्टीनं रेघ. ओळीचा अर्थ कळला नाही तरी चालेल, मुद्दा सुटता कामा नये. कवीचं नाव बदललं की तेच उत्तर पुढच्या कवितेला चालतं. गाईडवाल्यांचा कागद वाचतो, पोरांचं डोकं वाचतं आणि तपासणाऱ्याचा वेळ वाचतो. फक्त कविता वाचायची राहते.

आता लातूर. 2016 साली या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेव्हा घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पोराला पावसाबद्दल काय वाटतं, हे विचारायची सोय कुठल्याच पेपरात नाही. उपयोजित लेखनात त्याला जाहिरात लिहिता येते, बातमी लिहिता येते, कथाही लिहिता येते. कविता? छे! तिची आदर्श उत्तरपत्रिका कोण काढणार? दहावी झाली की ट्युशन एरियात खोली घ्यायची, अकरावीला मराठीऐवजी आयटी घेतलं की उरलीसुरली कटकटही मिटते. पुढं सगळं डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या 720 पैकी. तरी फिजिक्सच्या रफ वहीत मागच्या पानावर ओळी निघतातच. मेसच्या पातळ वरणावर, घरून आलेल्या फोनवर, शेजारच्या कॉटवर रात्री रडणाऱ्या पोरावर. त्या वाचायला मास्तर नसतो. सापडल्या तर पालकांना फोन जातो.

नांदेडचं तर विचारूच नका. ज्यांनी औरंगजेबाला फारसी पद्यात पत्र लिहिलं, त्या गुरू गोविंदसिंगांचा अखेरचा मुक्काम 1708 साली इथंच गोदाकाठी होता. ‘जफरनामा’ ही बादशहाला लिहिलेली चपराक आहे आणि ती कविताही आहे. त्याच गावात आज पत्रलेखन म्हणजे प्रति, विषय, महोदय आणि पुस्तकांची मागणी. दिनांक विसरला की गुण गेला.

याच गावात नरहर कुरुंदकर हायस्कुलात मास्तर होते. इंटरला पुन्हापुन्हा नापास झालेला हा माणूस प्रतिभा निकेतनमध्ये शिकवत होता आणि पुढं पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला. ‘मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते ऐका’ हीच त्यांची उभ्या जन्माची कमाई. आज असते तर घरच्यांनी रिपीटर बॅचला टाकलं असतं. वर बॅचवाल्यांनी सांगितलं असतं, पोरगा हुशार आहे हो, पण प्रश्न फार विचारतो.

माझी मागणी माफक आहे. गाईड दप्तरात ठेवा, कविता दोनदा मोठ्यानं वाचा आणि विचारा, कुणाला आवडली नाही? हात वर करणाऱ्याला झापू नका, ओळ दाखवायला सांगा. सुर्व्यांची एखादी ओळ उगाच लांबली असं ज्याला वाटतं, त्यानं ती वाचलीय तरी. साधी-सोपी-ओघवती लिहिणाऱ्याबद्दल अशी खात्री देता येत नाही. मग हात वर करणाऱ्यालाच म्हणा, लिही चार ओळी. यमकाची सक्ती नाही. आई, पाऊस आणि शेतकरी या तीन विषयांवर मात्र वर्षभर बंदी, कारण त्यांचा तयार माल व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी उतरतो. सोयाबीनचा भाव पडला त्या रात्री घरात कोण काय बोललं, ते लिही. अभ्यासिकेतल्या तुझ्या खुर्चीवर लिही. यष्टीत जागा धरायला खिडकीतून टाकलेल्या रुमालावर लिही. खराब लिहिलंस तरी चालेल, बाकीचेही खराबच लिहिणार आहेत. चार खराब ओळी स्वतः लिहिल्या की इंदिरा संतांनी काय साधलंय ते आपोआप कळायला लागतं, त्याला उपशीर्षक लागत नाही.

हे सगळं मी एका पालकांना तळमळीनं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर, याला निगेटिव्ह मार्किंग असतंय का?”